अमेरिकेत नव्याने आलेल्यांसाठी: शेरीफचं कार्यालय कसं चालतं आणि कोणत्या कामाला कोणाकडे जायचं

गेल्या उन्हाळ्यात आमच्या शेजारी नाशिकहून नुकतंच आलेलं एक जोडपं राहायला आलं. तिसऱ्याच आठवड्यात सकाळी साडेआठला त्यांच्या दारावर थाप पडली. बाहेर गणवेशातला माणूस, कमरेला पिस्तूल, छातीवर तारा. त्याने एक नाव विचारलं. ते आधीच्या भाडेकरूचं होतं. ‘तो इथे राहत नाही’ एवढं ताईंनी कसंबसं सांगितलं, त्याने वहीत काहीतरी लिहून घेतलं, आभार मानले आणि निघून गेला. दोन मिनिटांचा मामला. पण ताईंनी नवऱ्याला ऑफिसातून बोलावून घेतलं, व्हिसाच्या वकिलाला फोन झाला आणि दुपारी त्या आमच्या स्वयंपाकघरात बसून रडत होत्या, की आता आपल्याला परत पाठवतील.

तो माणूस न्यायालयाचा कागद बजावायला आला होता. आपल्याकडे कोर्टाचा बेलीफ जे करतो तेच. फक्त इथे ते काम शेरीफच्या कार्यालयाकडे असतं, आणि त्याच कार्यालयाकडे गस्त, तपास, जेल आणि काही ठिकाणी मृत्यूची चौकशीही असते. हे ठाऊक नसल्यामुळे माणसं नको तिथे घाबरतात आणि हवी तिथे मदत मागत नाहीत. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतो आहे. मी कॅलिफोर्नियातल्या अलामेडा काउंटीत राहतो, त्यामुळे बरीचशी उदाहरणं इथली आहेत. जिथे दुसरीकडची पद्धत वेगळी आहे, तिथे तसं सांगेन.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. मुंबईकरांना ‘शेरीफ’ म्हटलं की नगरपाल आठवतात. दिलीपकुमार, सुनील गावस्कर यांनी भूषवलेलं ते मानाचं पद आहे. शब्द एकच, दोन्हींचं मूळ इंग्लंडमधल्या ‘शायर-रीव’ या जुन्या पदात, म्हणजे परगण्याच्या कारभाऱ्यात. पण अमेरिकेतला शेरीफ हा प्रत्यक्ष सत्ता असलेला, बहुतेक ठिकाणी लोकांनी निवडून दिलेला अधिकारी आहे. जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक, कारागृह अधीक्षक आणि कोर्टाचा बेलीफ या तिघांची कामं एका माणसाच्या हाताखाली आणून ठेवली आणि त्या माणसाला मतपेटीतून निवडलं, अशी कल्पना करा. साधारण तसं.

पायरी १: आपलं घर कोणाच्या हद्दीत येतं ते शोधा

बाकी सगळं यावर अवलंबून आहे, आणि नेमकं हेच कोणी सांगत नाही.

काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. काउंटीत शहरं असतात आणि कुठल्याही शहराच्या हद्दीत न येणारा भागही असतो. शहराला स्वतःचं पोलीस खातं असेल तर तिथली गस्त आणि तपास त्या खात्याकडे. शहराबाहेरच्या भागात ते काम शेरीफकडे. तिसरा प्रकारही आहे: शहर स्वतःचं खातं न उभारता काउंटीला पैसे देऊन शेरीफकडूनच पोलीससेवा घेतं.

आमच्या काउंटीत हे तिन्ही प्रकार आहेत. फ्रीमॉन्टचं स्वतःचं पोलीस खातं आहे. डब्लिन हे शहर १९८२ साली स्थापन झाल्यापासून करारावर शेरीफची सेवा घेतं. गाडीवर ‘डब्लिन पोलीस’ लिहिलेलं असतं, पण आत बसलेला अधिकारी शेरीफच्या कार्यालयाचा असतो. आणि कॅस्ट्रो व्हॅली? साठ हजारांहून अधिक वस्तीचं, शाळा-बाजार सगळं असलेलं गाव, पण कागदोपत्री ते शहरच नाही. तिथे चोरी झाली तर शेरीफ येतो आणि रस्त्यावर गाड्यांची टक्कर झाली तर कॅलिफोर्निया हायवे पेट्रोल. डब्लिनच्या बार्ट (इथली लोकल रेल्वे) स्टेशनात पाकीट मारलं गेलं तर आणखी तिसरेच, बार्टचे स्वतःचे पोलीस.

पत्त्यातल्या शहराच्या नावावर विसंबू नका. ते टपाल खात्याने सोयीसाठी दिलेलं नाव असतं आणि हद्दीशी त्याचा मेळ बसेलच असं नाही. काउंटीच्या संकेतस्थळावर पत्ता टाकून हद्द पाहता येते, किंवा सरळ शेरीफच्या तातडी नसलेल्या क्रमांकावर फोन करून विचारा, ‘माझ्या पत्त्यावर गस्त कोणाची?’ असे फोन त्यांना रोज येतात. संकोच करू नका.

दुसऱ्या राज्यात असाल तर चित्र पार बदलू शकतं. व्हर्जिनियात लाउडन आणि फेअरफॅक्स या काउंट्या एकमेकींना लागून आहेत, दोन्हींत आपली माणसं भरपूर. लाउडनमध्ये गस्तीपासून जेलपर्यंत सगळं शेरीफकडे. फेअरफॅक्समध्ये गस्त आणि तपासाला काउंटीचं वेगळं पोलीस खातं, तर शेरीफकडे जेल, न्यायालयाची सुरक्षा आणि कागद बजावणं. घर बदलून अॅशबर्नहून फेअरफॅक्सला गेलात तर चोरीची तक्रार नोंदवायचं दार बदललं. न्यू जर्सीत एडिसनसारख्या गावांत रोजचे पोलीस गावाचेच असतात, काउंटीच्या शेरीफचं काम मुख्यतः न्यायालयाशी निगडित. कर्ज थकल्यामुळे जप्त झालेल्या घरांचे लिलाव तिथे ‘शेरीफ्स सेल’ म्हणूनच ओळखले जातात. वॉशिंग्टन राज्यातल्या किंग काउंटीत सॅमामिश शहर शेरीफची सेवा करारावर घेतं, पण जेल मात्र काउंटीच्या वेगळ्या विभागाकडे आहे. अलास्कात काउंटी शेरीफच नाहीत, आणि कनेक्टिकटने २००० साली ते पदच रद्द केलं.

पायरी २: शेरीफ कोणाला उत्तरदायी आहे ते समजून घ्या

देशभरात सुमारे ३,००० शेरीफ आहेत आणि बहुतेक निवडून आलेले. मुदत साधारण ४ वर्षांची, न्यू जर्सीत ३, मॅसॅच्युसेट्समध्ये ६. कॅलिफोर्नियाने ही निवडणूक राष्ट्राध्यक्षांच्या निवडणुकीच्या वर्षात आणायचं ठरवलं, म्हणून २०२२ साली बहुतेक काउंट्यांत निवडून आलेल्यांना एकदाच ६ वर्षांची मुदत मिळाली. तिथली पुढची निवडणूक २०२८ मध्ये.

निवडून येतो म्हणजे त्याची बदली होत नाही. आपल्याकडे अधीक्षकांची बदली मंत्रालयातून होते, इथे वरून आदेश देणारं मंत्रालय नाही. काउंटीचं निर्वाचित मंडळ शेरीफच्या कार्यालयाचं अंदाजपत्रक मंजूर करतं, पण साधारणपणे त्याला घरी पाठवू शकत नाही. याला अपवाद निर्माण होऊ लागले आहेत. लॉस एंजेलिस काउंटीच्या मतदारांनी २०२२ साली मंडळाला शेरीफला हटवण्याचा अधिकार दिला, तर किंग काउंटीच्या मतदारांनी २०२० साली निवडणुकीऐवजी नेमणुकीची पद्धत स्वीकारली. मला स्वतःला नेमणुकीपेक्षा निवडणूक बरी वाटते, पण तिच्या जोडीला देखरेख करणारी स्वतंत्र समिती हवीच. ज्याच्या हाती जेलच्या किल्ल्या आहेत, त्याला फक्त चार-सहा वर्षांनी प्रश्न विचारणं पुरेसं नाही.

मतदानाचा हक्क नागरिकत्व मिळाल्यावरच. पण काउंटी मंडळाच्या बैठकीत उभं राहून बोलायला नागरिक असावं लागत नाही, हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं.

पायरी ३: हुद्दे ओळखा

मराठी माणसाचा हमखास घोटाळा इथे होतो. ‘डेप्युटी’ म्हटलं की आपल्या मनात डेप्युटी कलेक्टर येतो, म्हणजे साहेबाच्या खालोखालचा मोठा साहेब. शेरीफच्या कार्यालयात डेप्युटी ही पहिली पायरी आहे. दारावर येणारा, गाडी थांबवणारा, न्यायालयात उभा असणारा तो डेप्युटी. शेरीफच्या खालोखालचा असतो अंडरशेरीफ.

आमच्याकडची उतरंड वरून खाली अशी: शेरीफ, अंडरशेरीफ, असिस्टंट शेरीफ, कमांडर, कॅप्टन, लेफ्टनंट, सार्जंट, डेप्युटी. दुसऱ्या काउंट्यांत मधली नावं थोडी वेगळी सापडतील. व्यवहारात तुम्हाला तीनच लागतात. डेप्युटीशी बोलणं अडलं तर ‘तुमच्या सार्जंटशी बोलू शकतो का?’ असं शांतपणे विचारा, ते रीतीला धरून आहे. सार्जंटच्या बाहीवर कोनासारख्या तीन पट्ट्या असतात. आणि करारावरच्या शहरात शहराचा पोलीसप्रमुख म्हणून काम पाहणारा अधिकारी हा शेरीफच्या कार्यालयातूनच आलेला असतो. गल्लीतल्या भरधाव गाड्यांसारख्या तक्रारीसाठी शेरीफला पत्र पाठवू नका, त्या प्रमुखाला पाठवा.

या गणवेशधाऱ्यांखेरीज शपथ न घेतलेले कर्मचारीही मोठ्या संख्येने असतात: नोंदी सांभाळणारे, फोन घेणारे, तंत्रज्ञ. त्यांना अटकेचा अधिकार नसतो, पण तुमची निम्मी कामं त्यांच्याच हातून होतात.

पायरी ४: कामाची वाटणी

गस्त आणि तपास. गस्तीवरचा डेप्युटी आधी येतो, जबाब घेतो, अहवाल क्रमांक देतो. गुन्हा गंभीर असेल तर प्रकरण तपास विभागाच्या डिटेक्टिव्हकडे जातं. तो अहवाल क्रमांक जपून ठेवा. विम्याला तोच लागतो, आणि पासपोर्ट हरवला तर भारतीय वकिलातीत नवीन पासपोर्टच्या अर्जाबरोबर पोलिसांचा अहवाल द्यावा लागतो. अहवालाची प्रत नोंदी विभागातून मिळते. गाडीची काच फोडून बॅग नेली, दारातलं पार्सल गेलं, अशा छोट्या चोऱ्यांची तक्रार बऱ्याच ठिकाणी घरबसल्या ऑनलाइन करता येते.

दिवाणी विभाग. माझ्या शेजाऱ्यांच्या दारावर आलेला माणूस याच विभागातला. समन्स बजावणं, थकलेली रक्कम पगारातून कापण्याचा आदेश कंपनीला पोचवणं, जप्ती, घराचा ताबा मिळवून देणं, ही यांची कामं. असा डेप्युटी दारावर आला म्हणजे तुमच्यावर गुन्हा आहे असं मुळीच नाही. कागद तुमच्या नावाचा असेल तर घ्या. घेतला म्हणजे तुम्ही काही कबूल केलं असं होत नाही, पण उत्तराची मुदत मात्र सुरू होते, तेव्हा त्याच दिवशी तो वाचा आणि तारीख लिहून ठेवा.

भाडेकरूंनी एक लक्षात ठेवावं. कॅलिफोर्नियात घरमालकाला स्वतः कुलूप बदलून तुम्हाला बाहेर काढता येत नाही. त्याला आधी न्यायालयाचा निकाल आणावा लागतो, मग शेरीफचा माणूस दारावर ५ दिवसांची नोटीस लावतो, आणि त्यानंतरच तो येऊन ताबा देतो. एखादा मालक ‘उद्या सामान बाहेर फेकीन’ म्हणत असेल तर घाबरून घर सोडू नका. पण शेरीफची नोटीस दाराला लागली असेल तर तिच्याकडे काणाडोळाही करू नका.

याच विभागाचं आणखी एक काम आहे, आणि ते आपल्या समाजात मोठ्याने सांगायची गरज आहे. घरात मारहाण, धमक्या होत असतील आणि न्यायालयाने संरक्षणाचा आदेश दिला असेल, तर तो समोरच्यावर बजावण्याचं काम कॅलिफोर्नियात शेरीफ विनामूल्य करतो. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या, स्वतःचं बँक खातंही नसलेल्या बाईलासुद्धा हे दार उघडं आहे. अशी कोणी तुमच्या ओळखीत असेल तर तिला हे सांगा.

न्यायालयाची सुरक्षा. दारातल्या तपासणीला आणि न्यायाधीशांच्या दालनात डेप्युटी असतात. दालनातल्या डेप्युटीला इथेही बेलीफ म्हणतात, पण कागद घेऊन फिरणारा तो हा नव्हे. वाहतुकीच्या दंडासाठी न्यायालयात गेलात तर कुठे बसायचं, कधी पुढे व्हायचं हे त्यालाच विचारा.

जेल. मनुष्यबळाचा मोठा हिस्सा इथे लागतो, आणि कॅलिफोर्नियात बऱ्याच काउंट्यांत नव्या डेप्युटीची पहिली काही वर्षं जेलमध्येच जातात. जेल आणि प्रिझन यात फरक आहे. जेल काउंटीचं: नुकतीच अटक झालेले, खटल्याची वाट पाहणारे आणि कमी मुदतीची शिक्षा झालेले तिथे असतात. प्रिझन राज्याचं किंवा केंद्राचं. आमच्या काउंटीचं सांता रिटा जेल डब्लिनमध्येच आहे, देशातल्या मोठ्या जेलांपैकी एक.

कोणी अटकेत गेलं तर काय करायचं, हे शांत असताना वाचून ठेवावं. शहराच्या पोलिसांनी पकडलं तरी माणूस बहुधा काउंटीच्या जेलमध्येच पोचतो, म्हणून शोध शेरीफच्या संकेतस्थळावरच्या कैदी-शोधात घ्या. नाव पासपोर्टवर आहे तसं टाका. आडनाव आणि वडिलांचं नाव यांची अदलाबदल होते, दोन्ही प्रकारे शोधून पाहा. कॅलिफोर्नियात अटक झाल्यापासून ३ तासांच्या आत ३ फोन करण्याचा हक्क आहे, आणि लहान मुलं सांभाळणाऱ्या पालकाला मुलांची सोय लावण्यासाठी आणखी २. सुट्ट्यांचे दिवस वगळून ४८ तासांच्या आत न्यायाधीशांसमोर उभं करावं लागतं. परदेशी नागरिकाला आपल्या वकिलातीला कळवण्याची मागणीही करता येते. जेलच्या फोनवर प्रकरणाबद्दल एक शब्दही बोलू नका, ते फोन रेकॉर्ड होतात. मराठीत बोललात तरी.

कॉरोनर. कॅलिफोर्नियातल्या अनेक काउंट्यांत, आमच्याही, शेरीफ हाच कॉरोनर, म्हणजे मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी, असतो. आई-वडील सहा महिन्यांसाठी येतात आणि क्वचित कोणाच्या घरी सकाळी वडील उठतच नाहीत. अशा वेळी ९११ वर फोन केला की वैद्यकीय मदतीबरोबर डेप्युटीही येतो. तो प्रश्न विचारतो, औषधांच्या डब्या पाहतो, खोलीत कोण होतं ते लिहून घेतो. घरच्यांना वाटतं आपल्यावर संशय आहे. तसं नसतं. इथल्या डॉक्टरच्या देखरेखीखाली नसलेल्या किंवा अचानक आलेल्या मृत्यूची चौकशी कॉरोनरला करावीच लागते. आपल्याकडच्या आकस्मिक मृत्यूच्या नोंदीसारखं ते आहे. त्यांनी पार्थिव सोडेपर्यंत अंत्यविधीची तारीख ठरवता येत नाही, भारतात न्यायचं असेल तरीही. वडिलांचे भारतातले वैद्यकीय कागद आणि औषधांची यादी हाताशी असेल तर कारण ठरवणं सोपं जातं, आणि कधी कधी शवविच्छेदनाची गरजही पडत नाही. आई-बाबा विमानातून उतरतील त्याच आठवड्यात ते कागद एका फाइलमध्ये लावा. मनाला बरं वाटत नाही, पण लावा.

याशिवाय आपत्ती-व्यवस्थापन, डोंगरात हरवलेल्यांचा शोध, गुन्हे-प्रयोगशाळा अशीही अंगं असतात. रोजच्या आयुष्यात त्यांच्याशी संबंध येत नाही.

पायरी ५: संपर्क कसा करायचा

जीव धोक्यात असेल, गुन्हा चालू असेल, आग लागली असेल तर ९११. मोबाइलवरून केलेला फोन कधी कधी दुसऱ्याच केंद्रात लागतो, म्हणून पहिलं वाक्य ठिकाणाचं: शहर, रस्ता, घर क्रमांक. इंग्रजी सुचत नसेल तर ‘मराठी’ किंवा ‘हिंदी’ एवढाच शब्द म्हणा, दुभाषा जोडून देतात. चुकून लागला तर फोन ठेवू नका, ‘चुकून लागला’ असं सांगा, नाहीतर ते शोधत येतात. बाकी सगळ्याला, म्हणजे शेजारचा गोंगाट, काल रात्री झालेली चोरी, बेवारस गाडी यांना तातडी नसलेला क्रमांक.

गाडी थांबवली तर उजवीकडे घेऊन थांबा आणि आतच बसून राहा. आपल्याकडे आपण चटकन उतरून हवालदाराकडे जातो, तो आदर असतो. इथे उतरणं धोक्याचं मानतात. काच खाली, हात स्टिअरिंगवर. खणातले कागद काढायच्या आधी ‘कागद खणात आहेत, काढू का?’ असं विचारा. ‘ऑफिसर’ म्हटलं तरी चालतं, ‘डेप्युटी’ म्हटलं तर अधिक नेमकं. जागेवर पैसे देऊन मिटवण्याचा विचारही मनात आणू नका, तो गंभीर गुन्हा आहे.

आणि फसवणुकीचे फोन. ‘मी शेरीफ ऑफिसातून बोलतोय, तुम्ही ज्युरी ड्युटीला आला नाहीत, वॉरंट निघालंय, गिफ्ट कार्डने आत्ता पैसे भरा.’ फोनच्या पडद्यावर खरा क्रमांक दिसतो, नाव खऱ्या अधिकाऱ्याचं असतं. ओळखायची खूण सोपी आहे: ज्युरीत बसायला अमेरिकन नागरिक असावं लागतं. तुम्ही व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असाल तर तुम्हाला ज्युरीत बसताच येत नाही. कुठलंही शेरीफ कार्यालय वॉरंट रद्द करायला फोनवर पैसे किंवा गिफ्ट कार्ड मागत नाही. फोन ठेवा, संकेतस्थळावरून क्रमांक घ्या आणि स्वतः फोन करून खात्री करा.

पायरी ६: वागणूक चुकीची वाटली तर

रस्त्यावर वाद घालू नका, तिथे जिंकून काही मिळत नाही. डेप्युटीचं आडनाव छातीवरच्या पट्टीवर असतं. ते, बिल्ल्याचा क्रमांक, वेळ आणि जागा लिहून घ्या. कॅलिफोर्नियात प्रत्येक कार्यालयाला तक्रारीची पद्धत ठेवावी लागते आणि तिची लेखी माहिती मागेल त्याला द्यावी लागते. तक्रार अंतर्गत चौकशी विभागाकडे जाते आणि निष्कर्ष तुम्हाला लेखी कळवतात. काउंटीत देखरेख समिती असेल तर तिलाही प्रत पाठवा. बहुतेक डेप्युटींच्या अंगावर कॅमेरा असतो, तेव्हा नेमकी वेळ लिहिली तर चित्रण शोधता येतं. चांगलं वागणाऱ्याचं नावही असंच लिहून पाठवावं.

शेजारच्या ताईंनी पुढच्याच आठवड्यात काउंटीच्या दिवाणी विभागाला फोन केला आणि आधीचा भाडेकरू कधी गेला ते सांगितलं. पलीकडच्या बाईंनी नोंद करून घेतली. त्यानंतर त्या नावाने कोणी आलं नाही.